आधी मिळालेलं

आमच्या जयसिंगपुरात सगळं सोडून निघालेली माणसं बघायला कुठं लांब जावं लागत नाही. चातुर्मास सरला की शिरोळ रस्त्यानं दिगंबर मुनींचा विहार सुरू होतो. हातात मोरपिसांची पिंछी, कमंडलू, पुढंमागं अनवाणी श्रावक. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहतात, बायका रस्त्याच्या कडेला डोकं टेकवतात. आचार्य शांतिसागर महाराज याच भागातले, भोजकडचे. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला. माझ्या शेजारच्या जैन आजी ते दिवस अशा सांगायच्या, की ऐकणाऱ्याला कालचीच गोष्ट वाटावी. इकडं नरसोबाच्या वाडीला दत्तमहाराजांच्या पायाशी उभं आयुष्य घालवलेली माणसं. त्यामुळं देवाला आयुष्य देणं म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालासुद्धा समजावून सांगावं लागत नाही.

त्याच आजींनी मला एकदा विचारलं होतं, "सिस्टर, तुमच्यात दीक्षा नसती का ओ?"

मी म्हणाले, "कॅथलिक लोकांत असते आजी. नन असतात, फादर असतात. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत तशी नसते."

"मग तुमची ती प्रार्थनेला येणारी बाई म्हणत होती, सिस्टरनी सगळं आयुष्य देवाला दिलंय. नवरा हाय, पोरं हायत, पगार घेता. दिलं कसं म्हणायचं?"

प्रश्नात खोच अजिबात नव्हती. ज्या घरातल्या दोन माणसांनी दीक्षा घेतली आहे, त्या घरातली बाई विचारत होती. मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिलं. ते त्यांना पटलं नाही नि मलाही पुरेसं वाटलं नाही. आजी आता नाहीत, पण प्रश्न माझ्याजवळ राहिला. कामानं त्याला जे उत्तर दिलं, ते लिहून ठेवावं असं आता वाटतं.

मी नर्स आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, सुरुवातीची वर्षं तिथंच काढली, लग्न होऊन जयसिंगपूरला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या एका खासगी दवाखान्यात राहिले. आता घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावानं हे गाव वसवलं. सरळ रस्ते, नंबरांच्या गल्ल्या. पत्ता शोधायला त्रास पडत नाही. 'अमक्या गल्लीत, तंबाखूच्या वखारीच्या मागं, म्हातारं माणूस पडून आहे' एवढ्या निरोपावर मी पोचते. पिशवीत सलाईनच्या बाटल्या, गॉज, पॅड, चिकटपट्टी, हातमोजे, चिमटे, कात्री.

बहुतेक बोलावणी शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची. लकवा झालेलं, खुब्याचं हाड मोडलेलं, नाहीतर नुसतंच वयानं थकलेलं माणूस एका कुशीवर पडून राहिलं की माकडहाडाशी, खुब्याशी, टाचांशी कातडी दबते. रक्त पोचत नाही. आधी तांबडा डाग उठतो. बोटानं दाबला तरी पांढरा पडत नाही, तेव्हा समजायचं की आत बिघडायला लागलंय. घरचे त्यावर पावडर लावतात, तेल चोळतात. चोळल्यानं आतली दुखावलेली कातडी आणखी फाटते. मग वर छोटंसं भोक दिसतं आणि आत चिमटा घालावा तर पोकळी बोटभर खोल. जखम सलाईननं हलक्या हातानं धुवायची, काळं पडलेलं मांस डॉक्टरांना दाखवून काढायचं, पोकळीत ओलं गॉज सैल भरायचं, ठासून नाही. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा. ते औषध बाटलीत मिळत नाही. घरातल्या सुनेच्या नाहीतर लेकाच्या झोपेतून ते काढावं लागतं.

या कामाला वास असतो. पहिल्या दिवशी पडदा सारून आत शिरताना जो वास येतो, तो घरी जाऊन आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माझे गुडघे दुखायला लागले, आणि पलंग नसलेल्या घरात जमिनीवर बसूनच ड्रेसिंग करावं लागतं. एवढं असूनही का करता, असं लोक विचारतात तेव्हा मला आजींचाच प्रश्न ऐकू येतो.

आमच्या श्रद्धेत गोष्ट दुसऱ्या टोकापासून सुरू होते. जैन साधू स्वतःच्या तपानं कर्माचे बंध तोडत जातात. ते दुसरं कुणी तोडून देत नाही. त्या कठोरपणापुढं माझं डोकं आपोआप झुकतं. आम्ही मात्र असं मानतो, की जे मिळायचं ते आधीच मिळून गेलं. ख्रिस्तानं माझ्यासाठी जीव दिला तेव्हा मी नव्हते, माझी लायकी कुणी तपासली नव्हती, मी काही कबूल केलं नव्हतं. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आम्ही लहानपणापासून वाचतो. त्यातले पहिले अकरा अध्याय जवळजवळ सगळे देवानं काय केलं हे सांगण्यातच जातात. आता तुम्ही काय करायचं, याला तो बाराव्यात हात घालतो. आणि तिथं तो मागतो काय, तर शरीर. भावना मागत नाही, विचार मागत नाही. जिवंत शरीर देवाला अर्पण करा म्हणतो. नर्सला हे फार जवळचं वाटतं. माझी भक्ती कमी-जास्त होते, काही दिवस प्रार्थनेत मन लागत नाही, पण शरीर उचलून त्या गल्लीत नेता येतं. गुडघे मोडून खाली बसता येतं.

मिरजेला आमच्यापुढं असं शरीर देणाऱ्याचं नाव होतं. डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये ते या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९२८ पर्यंत ते इथंच राहिले. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं, त्या वाडीला त्यांचंच नाव. कोल्हापूरचं मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्या पहिल्या पत्नीच्या नावाचं. आम्ही शिकत होतो तेव्हा त्यांना जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, तरी म्हाताऱ्या पेशंटांच्या तोंडी 'वानलेस सायबाच्या दवाखान्यात' हेच असायचं. कर्नाटकातून, कोकणातून बैलगाडीनं, आगगाडीनं माणसं कशी यायची, ते आमच्या वॉर्डातल्या जुन्या आया सांगायच्या.

पण मला जास्त शिकवलं ते कुष्ठरोग्यांच्या वॉर्डानं. मिरजेला रिचर्डसन कुष्ठरोग हॉस्पिटल आहे. तिथं आम्हा विद्यार्थिनींना पाठवत. तो काळ बदलाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची शिफारस केली आणि हळूहळू हा रोग ठरावीक मुदतीत बरा व्हायला लागला. तरी ज्यांच्या नसा आधीच मेल्या होत्या, त्यांच्या पायांना काही कळायचं नाही ते नाहीच. चपलेत खिळा घुसला तरी माणूस चालत राहायचा, आणि संध्याकाळी रक्त दिसलं की मग समजायचं. आम्ही त्यांना रोज पाय बघायला शिकवायचो. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, घट्टे खरवडायचे, ओल टिकावी म्हणून वर तेल लावायचं, मऊ रबराच्या एमसीआर चपला घालायच्या. टाचेच्या घट्ट्याखाली कधी कधी जखम लपलेली असायची, वरून सुकी कातडी आणि आत पू. घट्टा सोलताना तो माणूस शांतपणे माझ्याकडं बघत असायचा, कारण त्याला दुखतच नव्हतं. मला मात्र प्रत्येक वेळी माझ्या टाचेत काहीतरी कळ आल्यासारखं व्हायचं.

त्या वॉर्डात लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मला नव्यानं कळली. येशू दहाही जणांना बरं करतो. परत येऊन पाया पडतो तो एकटा, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. उरलेले नऊ कुठं गेले, असं येशू विचारतो. आम्हाला संडे स्कूलमध्ये इथंच थांबवायचे आणि सांगायचे, तुम्ही त्या नऊ जणांसारखे होऊ नका. पण वॉर्डात मला वेगळंच दिसलं. नऊ जण आले नाहीत म्हणून त्यांचं बरं होणं येशूनं परत घेतलं नाही. त्यांची कातडी नितळच राहिली. ते आपापल्या गावी गेले असतील, बायकापोरांना भेटले असतील, कित्येक वर्षांनी घराचा उंबरा ओलांडून आत गेले असतील. आभार न मानणाऱ्यालाही मिळालेलं त्याचंच राहतं. ज्या देण्याला परतफेडीची अट नाही, त्याचेच आभार मोकळ्या मनानं मानता येतात.

हे मी इतकं ठासून लिहिते त्याला कारण आहे. उपकाराची वसुली मी जवळून पाहिली आहे. आमच्या वयाची कितीतरी मुलं संस्थांच्या वसतिगृहांत वाढली, देणगीदारांच्या पैशावर शिकली. त्यातल्या एका ठिकाणी जेवणाच्या पंगतीतसुद्धा आठवण करून दिली जायची, की तुम्ही कुणाच्या अन्नावर जगता ते विसरू नका. परदेशी देणगीदार 'आईवडिलांना' पत्र लिहा, त्यात आभार माना, अक्षर सुवाच्य काढा. ती मुलं मोठी झाली, चांगल्या नोकऱ्यांना लागली आणि बरीचशी चर्चकडं पाठ फिरवून बसली. मला त्यांचा राग येत नाही. लहानपणी रोज हिशेब दाखवला गेला तर मोठेपणी माणूस तो हिशेब मिटवून मोकळं व्हायचंच बघणार. कृतज्ञता मागून घेतली की ती संपते. मी मिशनच्या छायेतच वाढले, माझं शिक्षण तिथलंच, आणि हे बोलायचा मला अधिकार आहे असं मला वाटतं.

माझ्या पणजीला मात्र कुणी असं बांधून ठेवलं नव्हतं. ती मुक्ती मिशनमधली. शतक पालटतानाच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी ज्या उपाशी पोरी केडगावला आणल्या, त्यांतली एक. आपलं गाव कुठलं, हेही तिला धड सांगता यायचं नाही. तिथं ती लिहायला-वाचायला शिकली आणि छापखान्यात खिळे जुळवायला लागली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या आणि ते त्यांच्याच छापखान्यात, त्यांच्याच मुलींच्या हातून छापलं जात होतं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही त्यांनी काम टाकलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. तोवर पणजी लग्न होऊन मिरजेला आली होती. आमच्या घरात तिच्याबद्दल एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाते. दारात भुकेलं कुणी आलं तर ती आधी भाकरी द्यायची आणि नाव-गाव नंतर विचारायची, आणि विचारायचं राहून गेलं तरी तिला चालायचं. 'मी उपकार फेडते' असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. तिला खायला मिळालं होतं, म्हणून ती खायला घालत होती. तिच्या मनात त्याहून मोठा विचार असेल असं मला वाटत नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

आता आजींच्या प्रश्नातला पगार. तो मला बरीच वर्षं टोचला, हे खरं. कारण आमच्यातही सगळं सोडणाऱ्यांचा मान मोठा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव मराठी ख्रिस्ती घरात किती आदरानं घेतात, हे बाहेरच्यांना कदाचित ठाऊक नसेल. 'उपासना संगीत' उघडलं की त्यांची भजनं भेटतात आणि रविवारी ती म्हटल्याशिवाय आमची उपासना पुरी वाटत नाही. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९१७ मध्ये, म्हणजे आमचं जयसिंगपूर वसलं त्याच वर्षी, पगार सोडून संन्यास घेतला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, देशी भजन-कीर्तनातून भक्ती व्हावी, परक्या पैशाचा आधार नसावा, असं त्यांचं स्वप्न होतं. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले.

तरुणपणी मला टिळक ओढून घ्यायचे. नोकरी सोडावी, पगार नको, नुसती सेवा करावी, असं सारखं मनात यायचं. मग टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचलं, या वेळी स्वतः आई झाल्यावर. टिळक घरातलं होतं-नव्हतं ते दुसऱ्याला देऊन टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशीची चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची असायची. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून ताटातूट, पाच वर्षं वेगळं राहणं, मग स्वतःच्या विचारानं १९०० मध्ये घेतलेला बाप्तिस्मा, अनाथ मुलं घरात आणून वाढवणं, टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढं नेऊन पुरं करणं. या बाईच्या आयुष्याला कुणी संन्यास म्हटलं नाही. पण त्यातला कोणता तास देवाचा नव्हता, हे मला कुणी दाखवून द्यावं. टिळकांबद्दलचा माझा आदर तसूभर कमी झाला नाही. पण माझी वाट लक्ष्मीबाईंच्या बाजूनं जाते, हे मला त्या वाचनानं कळलं.

पगार मी शेवटपर्यंत पुरता घेतला. त्यावर दोन मुलांची शिक्षणं झाली, सासऱ्यांचं आजारपण निघालं, दशांश दिला. देवाला सगळं आयुष्य दिलं म्हणजे पगाराचं पाकीट त्यातून बाहेर राहिलं असं होत नाही, तेही त्यातच आलं. आजही ज्यांना परवडतं त्यांच्याकडून मी ड्रेसिंगचे पैसे घेते. फुकट केलेल्या कामापुढं माणूस अवघडतो, नीट दुखतंय असंही सांगायला कचरतो. "सिस्टर, किती झालं पैसं?" हा प्रश्न विचारता येणं ही त्याची मान ताठ राहण्याची सोय आहे. ज्यांना परवडत नाही त्यांचं ठरवायला मला वेळ लागत नाही. चूल, डबे आणि दारातल्या चपला पाहिल्या की कळतं.

दुसरी गोष्ट लोक दबक्या आवाजात विचारतात, कधी कधी सरळ तोंडावरही. "धर्म बदलायला येता काय?" मी सरळ उत्तर देते. नाही. ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही, जो माझ्या हाताकडं बघून दिवस काढतोय, त्याच्यापुढं मी शास्त्र काढून बसणं हा त्याच्या असहायतेचा फायदा घेणं आहे, आणि ख्रिस्तानं तो कधी घेतला नाही. कुणी विचारलं, तुम्ही कशाच्या बळावर हे करता, तर मी येशूचं नाव घेते. लपवत नाही. ज्यांच्या घरी प्रार्थना करा म्हणतात तिथं करते. बाकी घरात माझी प्रार्थना जिना उतरताना मनातल्या मनात होते. काही तरुण उत्साही मंडळी मला म्हणतात, मावशी, एवढी संधी वाया घालवता. मला हे संधी म्हणणंच रुचत नाही. रुग्णाच्या पाठीवरची जखम ही जखम आहे. तिला औषध मिळालं पाहिजे. त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं, मनातसुद्धा नाही, नाहीतर आपण पुन्हा त्या नऊ जणांकडून वसुलीला निघालो.

आजींचंच सांगते. खुबा मोडून त्या पडल्या तेव्हा त्यांचा सूर्यास्तानंतर अन्न-पाणी न घेण्याचा नेम चालू होता. औषधसुद्धा नको म्हणायच्या. घरचे वैतागले, 'आजारात सगळं माफ असतं' म्हणून समजावून दमले. मी डॉक्टरांशी बोलले. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सकाळी लवकर आणि दिवस मावळायच्या आत बसवता आल्या, आणि रात्रीच्या वेदनेसाठी संध्याकाळची मात्रा थोडी उशिरा, पण उजेड असताना द्यायची ठरली. थंडीच्या दिवसांत त्यासाठी मला दुपारचं दुसरं काम सोडून साडेपाचला त्यांच्याकडं पोचावं लागायचं. त्यांचा नेम मोडला नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटत होतं. एका बाईनं तिच्या देवाला दिलेला शब्द तिला पाळता यावा, याची सोय करणं हेही माझ्या देवाला दिलेल्या आयुष्यात बसतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ही गोष्ट मी आमच्या मंडळीत सांगितली तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडू देत.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आमच्या तालुक्यानं विसरणं शक्य नाही. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढल्या. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. जयसिंगपूर उंचावर, म्हणून इथल्या शाळा, मंगल कार्यालयं, मठ, सगळीकडं माणसं. ट्रॅक्टरमधून म्हातारी माणसं उतरत होती, कडेवर शेरडं, पिशवीत सातबाऱ्याचे कागद. आम्ही काही नर्सेस एका शाळेत पाय तपासायला बसलो. दिवसच्या दिवस पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. चिखल्या म्हणतात त्या, पण एवढ्या खोल मी कधी बघितल्या नव्हत्या. पाय धुवायचा, बेचकी कोरडी करायची, मलम लावायचं, सुकं फडकं द्यायचं, लेप्टोच्या गोळ्या समजावून सांगायच्या, पुढचा पाय. दर वर्षी पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आमच्यात येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याचं स्मरण होतं. त्या शाळेत कुणाला ते आठवलंही नसेल. मला आठवलं ते दुसऱ्या दिवशी, रांगेत माझ्यापुढं एक ऊसवाले गृहस्थ आले तेव्हा. आदल्या वर्षी मी त्यांच्या वडिलांचं ड्रेसिंग करायला जायचे, चांगलं चिरेबंदी घर होतं. त्यांनी पाय पुढं केला नाही. "सिस्टर, तुमच्या हातात पाय द्यायला लाज वाटतीय," म्हणाले. देण्याची सवय असलेल्या माणसाला घेणं किती अवघड जातं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या शिष्यांमधल्या पेत्रानंही असाच पाय मागं घेतला होता. मी त्यांना म्हणाले, "दादा, तुमच्या वडिलांनी दिला होता की." तेव्हा त्यांनी दिला.

घेता येणं ही कृतज्ञतेची अर्धी बाजू आहे, असं मी त्या शाळेत शिकले. आम्ही सेवा करणारी माणसं बहुतेक या बाबतीत कच्ची असतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मीच घरात पडले. दारात डबा यायचा, जैन घरातला, कांदा-लसूण नसलेला. डबा ठेवणारी आजींची सून असायची. मी फोनवर पैशाचं विचारलं तर ती रागावलीच. मग मी गप जेवत राहिले, आणि देवानं पहिल्यांदा मला मुद्दाम तिथं झोपवलंय असं वाटून रडूही आलं.

आमच्या मंडळीत पिकाच्या दिवसांत उपकारस्तुतीची उपासना होते. वेदीपुढं वांगी, केळी, सोयाबीन, उसाच्या मोळ्या, कोंबडी, अंडी, जे ज्याचं असेल ते ठेवतात. उपासनेनंतर लिलाव. दहा रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो पुन्हा अर्पण करतो, पुन्हा लिलाव. एका वर्षी एक ऊसतोड करणारी बाई, बीडकडची, मंडळीतल्या कुणाच्या तरी शेतावर आलेली, मागं उभी होती. ती ख्रिस्ती नव्हती. हंगामात भाजलेल्या तिच्या लेकराचं मी ड्रेसिंग केलं होतं. तिनं कोयत्याच्या मुठीला बांधायचं स्वच्छ धुतलेलं फडकं आणून त्या भाजीपाल्यात ठेवलं. पाळकसाहेबांना लिलावात त्याचं काय करायचं ते सुचेना. मी ते मागून घेतलं. त्याचा लिलाव होऊ नये असं मला वाटलं. तिनं कशाचे आभार मानले, कुणाचे मानले, मी विचारलं नाही.

सध्या महिन्यातून एका दुपारी चर्चच्या हॉलमध्ये मी बायकांना शिकवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोघींनी चादरीनं कसं सरकवायचं, घासटायचं नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची. तांबडा डाग कसा दाबून बघायचा, आणि तो दिसला तर का चोळायचा नाही. आजींची सून पहिल्यापासून येते, आता नव्या बायकांना तीच दाखवते. पुरुष अजून येत नाहीत, त्यासाठी पाळकसाहेबांच्या मागं लागले आहे, कारण रात्री दोनची कूस बदलायची पाळी लेकावरही आली पाहिजे. पुढच्या खेपेला शिरोळहून दोघी सासवा-सुना येणार आहेत. सासऱ्यांना घेऊनच येऊ का, असं विचारत होत्या. त्यांना रिक्षात बसवणं बरं नाही, म्हणून त्या दिवशी वर्ग त्यांच्या घरी घ्यायचा ठरवलाय.